सहावीतला सतरा वर्षांचा मुलगा

सेंट पीटर्सबर्गमध्ये एक छोटा रस्ता आहे. लांबी 220 मीटर, रुंदी 22 मीटर आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींची उंचीही 22 मीटर. ज्या वास्तुकाराने तो आखला त्या रोसीचंच नाव रस्त्याला आहे. 1738 साली झारच्या हिवाळी महालातल्या खोल्यांत सुरू झालेली बॅलेची शाळा पुढे या रस्त्यावर आली आणि इथेच राहिली. 1955 च्या ऑगस्टअखेरीस, शहराचं नाव लेनिनग्राड असताना, एक सतरा वर्षांचा मुलगा या शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. तो उफाहून आला होता, उरल पर्वताजवळच्या बाश्किरियातून. शाळेत अजून रंगकाम चालू होतं. आठवड्याने ये, असं त्याला सांगण्यात आलं.

मुलाचं नाव रुडॉल्फ नुरेयेव. त्याचा जन्मही धड एका गावातला नव्हता. आई सैबेरियातून आगगाडीने नवऱ्याच्या पलटणीकडे निघाली होती, तेव्हा गाडीतच तो जन्मला. युद्धाच्या दिवसांत घरात इतकी ओढगस्त, की पायांत घालायला काही नाही म्हणून आईने त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवलं. एकदा एका तिकिटावर तिने सगळ्या पोरांना उफाच्या नाट्यगृहात घुसवलं. त्या रात्री त्याने पहिल्यांदा बॅले पाहिला आणि आपण हेच करायचं असं त्याच्या मनाने घेतलं. वडिलांना हे नाचणं मंजूर नव्हतं, मार बसे. उदालत्सोवा नावाच्या एका वयस्क बाईंनी त्याला पहिले धडे दिले. त्या तरुणपणी दियागिलेवच्या प्रसिद्ध बॅलेमंडळीत मागच्या ओळीत नाचल्या होत्या. त्या त्याला विख्यात नर्तकी अॅना पाव्हलोवाच्या गोष्टी सांगत आणि लेनिनग्राडला जा म्हणत. तो आला, पण सतराव्या वर्षी.

हा उशीर किती मोठा होता, हे समजायला त्या शाळेची रचना समजून घ्यावी लागते. मूल तिथे दहाव्या वर्षाच्या आसपास येतं, कारण तेव्हा सांधे कोवळे असतात आणि मांडी खुब्यापासून बाहेर वळवण्याची सवय अंगात मुरू शकते. मुलांचे वर्ग वेगळे, मुलींचे वेगळे. पहिल्या वर्षी मूल भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी लाकडी दांडा धरतं आणि एकेक हालचाल इतकी सावकाश करतं, की बघणाऱ्याचा धीर सुटावा. मग एका हाताने दांडा धरणं, मग दांडा सोडून खोलीच्या मध्यावर येणं. कोणती उडी कोणत्या वर्षी, कोणती गिरकी कोणत्या वर्षी, हे ठरलेलं असतं. दरवर्षी परीक्षा होते आणि जे मूल मागे पडतं त्याला घरी पाठवलं जातं. वर्गात उभं राहायची जागासुद्धा सहजासहजी मिळत नाही. दांड्याची मधली जागा वर्गातल्या सरस मुलांची, कडेच्या जागा बाकीच्यांच्या. आपण कितव्या पायरीवर आहोत हे मुलाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही, त्याचे पायच त्याला रोज तिथे नेऊन उभे करतात.

आपल्याकडे ज्यांनी शाळेत अ तुकडी आणि ड तुकडी पाहिली आहे, त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. एका अक्षराने ओळखलं जाणं म्हणजे काय, हे त्या वयातल्या पोराला विचारावं.

तरीही या चढत्या पायऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या मनमानीने रचलेल्या नाहीत. ज्याचा घोटा तयार नाही त्याला मोठ्या उड्या दिल्या, तर तो घोटा आयुष्याचा जातो. पायऱ्यांची काटेकोर बांधणी केली ती आग्रिपिना वागानोवा या बाईंनी. 1934 साली त्यांचं पाठ्यपुस्तक आलं आणि आजही जगभरच्या शाळा त्याच्या आधाराने शिकवतात. या बाईंचं स्वतःचं आयुष्य पाहिलं की मन थबकतं. 1897 साली त्या याच शाळेतून बाहेर पडल्या आणि मारिन्स्की रंगमंचावर मागच्या रांगेत उभ्या राहिल्या. एकट्याने करायच्या छोट्या नृत्यांत त्यांच्या तोडीचं कुणी नाही असं लोक म्हणत, पण बॅलेरिना ही पदवी मिळायला 1915 साल उजाडलं. त्यानंतर वर्षभरातच त्या रंगमंचावरून उतरल्या. जिला अठरा वर्षं खालच्या पायरीवर ठेवलं गेलं, त्याच बाईने पुढे पायऱ्या बांधल्या, आणि त्या अशा नीट बांधल्या की चढणाऱ्याला आपला पाय कुठे कच्चा आहे ते समजावं. पाय कच्चा आहे हे सांगणं आणि माणूस कच्चा आहे हे सांगणं यांतला फरक त्यांना सोसून कळला असावा, असं मला फार वाटतं.

1955 साली वागानोवा हयात नव्हत्या, चार वर्षांपूर्वी त्या वारल्या होत्या. नुरेयेवची प्रवेशपरीक्षा पाहणाऱ्या शिक्षिकांमध्ये वेरा कोस्त्रोवित्स्काया होत्या, वागानोवांच्याच तालमीतल्या. त्याचं नाचणं पाहून त्यांनी जे सांगितलं ते पुढे जगभर सांगितलं गेलं. हा एक तर असामान्य नर्तक होईल किंवा पुरता फसेल, आणि फसण्याचीच शक्यता जास्त, असा त्यांच्या बोलण्याचा मतलब होता.

त्याला प्रवेश मिळाला आणि सहावीत बसवलं. सहावीचा वर्ग संचालक शेल्कोव स्वतः घेत. या निर्णयात अन्याय शोधायला गेलं तर तो लगेच हाती लागत नाही. मुलाला खरंच पुष्कळ येत नव्हतं. त्याच्या वयाची मुलं सात वर्षं त्या दांड्याशी घासून आली होती, याने लोकनृत्याच्या मंडळांतून आणि उफाच्या नाट्यगृहातल्या छोट्या कामांतून मिळेल ते उचललं होतं. अंगात जोर होता, घडण नव्हती. कागदावर पाहिलं तर सहावी बरोबर होती. ती बरोबर होती, म्हणूनच गोष्ट अवघड आहे.

चूक पुढच्या दिवसांत झाली. शेल्कोवांच्या लेखी हा मुलगा सहावीत बसवलेला मुलगा राहिला नाही, तो सहावीचाच मुलगा झाला. खेडवळ, परगण्यातून दयेने घेतलेला, आणि वर पुन्हा न वाकणारा. एका संध्याकाळी तो परवानगी न घेता किरोव नाट्यगृहात, म्हणजे जुन्या मारिन्स्कीत, बॅले पाहायला गेला. परत आला तर त्याची गादी काढून नेलेली, जेवणाची कुपनंही गायब. रात्र त्याने जमिनीवर काढली. ज्या कलेसाठी ती शाळा उभी होती तीच पाहायला गेल्याची ही शिक्षा होती.

मग त्याने एक हिशेब केला. सहावीपासून एकेक इयत्ता चढत शेवटच्या वर्गापर्यंत जायचं तर त्याआधीच एकोणिसावं वर्ष लागणार आणि सैन्यात बोलावणं येणार. तिथून परतल्यावर नर्तकाचं शरीर उरत नाही. तो संचालकांकडे गेला आणि मला आठवीत घाला, असं म्हणाला. ज्याला सहावीचं पुरं येत नाही, त्याने आठवी मागितली होती. शेल्कोव भडकले. पण त्यांनी त्याला आठवीत पाठवलं, आणि पाठवताना त्या वर्गाच्या शिक्षकाला कळवलं की एक हट्टी, काही न येणारं पोर तुमच्याकडे धाडतो आहे. हा वर बढती देण्याचा प्रकार नव्हता. वरच्या वर्गात तो आपोआप उघडा पडेल, असाच तो होरा दिसतो.

आठवीच्या शिक्षकाचं नाव अलेक्सांद्र पुश्किन. थोर कवीचंच नाव, पण स्वभावाने अतिशय शांत माणूस. 1932 पासून ते शिकवत होते. त्यांच्या वर्गात ओरडा नसे. दांड्यापासून शेवटच्या उडीपर्यंत ते व्यायाम एकातून दुसरा निघेल असे गुंफत, की अंग आपणहून पुढच्या हालचालीला तयार होई. सूचना मोजक्या देत. मूल तोल जाऊन पडलं तर ते का पडलं हे त्याचं त्यालाच सापडू देत.

इथे आल्यावर नुरेयेव सुटला असं कुणाला वाटेल. पण पहिले काही आठवडे पुश्किननी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. भोवतालची सगळी मुलं त्याच्यापेक्षा तयार होती आणि याला त्यांच्या मागोमाग जमेल तसं करायचं होतं. सहावीत तो निदान वयाने मोठा होता. आठवीत तो सर्वांत कच्चा होता, आणि ही जागा त्याने स्वतः मागून घेतली होती. मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. वरची इयत्ता मागणारे पुष्कळ असतात. वरच्या इयत्तेत शेवटचा उभा राहायला तयार असणारा विरळा. त्याने सुटीच्या वेळी रिकाम्या खोल्यांत एकट्याने सराव केला, राहिलेली वर्षं अंगावर ओढून घेतली.

पुश्किन गप्प राहिले ते कशासाठी, हे त्यांनी कुठे सांगितल्याचं मला ठाऊक नाही. पण त्या आठवड्यांत त्यांनी संचालकांच्या शब्दावर शिक्कामोर्तब केलं नाही, आणि मुलाची समजूतही काढत बसले नाहीत. पुढे त्यांनी त्याला हाताशी धरलं, वेगवेगळी नृत्यं त्याच्यासाठी निवडून दिली. एकूण तीन वर्षं तो शाळेत राहिला. त्याला मुक्काम आवरण्याची घाई नव्हती. इयत्ता वाचवायची होती ती सैन्याच्या भीतीने. शिकणं त्याने काडीइतकंही वाचवलं नाही.

1958 साली मॉस्कोत देशभरच्या बॅलेशाळांचे विद्यार्थी नाचले, त्यात त्याने 'ल कोर्सेर' मधलं युगुलनृत्य केलं. त्याचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. उडीच्या शिखरावर तो क्षणभर थांबल्यासारखा भासतो, आणि उतरताना मात्र कुठे कुठे घडण अजून कच्ची दिसते. सहावी पूर्ण खोटी नव्हती, हे त्या फितीत दिसतं. त्याच वर्षी किरोवने त्याला मागच्या रांगेत उभं न करता थेट एकलनर्तक म्हणून घेतलं. नताल्या दुदिन्स्काया त्याच्यापेक्षा वयाने सव्वीस वर्षांनी मोठ्या, त्या मंडळीतल्या अग्रगण्य बॅलेरिना. त्यांनी त्याला आपला जोडीदार निवडलं.

पुढची हकीकत अनेकांना माहीत असते. 1961 च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमानतळावर त्याने मायदेशी परतायला नकार दिला, आणि जगाला नुरेयेव मिळाला. 1983 मध्ये तो पॅरिस ऑपेराच्या बॅलेचा संचालक झाला. तिथली उतरंड रशियाहूनही कडक. तळाशी काद्रीय, मग कोरिफे, सुजे, प्रमुख नर्तक आणि सगळ्यांत वर एत्वाल, म्हणजे तारा. वर चढायचं तर दरवर्षीच्या चढाओढीत उतरायचं. 1984 च्या डिसेंबरमध्ये सिल्वी गिलेम नावाची एकोणीस वर्षांची मुलगी प्रमुख नर्तिका झाली. आठवडाही लोटला नव्हता, तोच 'स्वान लेक' च्या प्रयोगानंतर नुरेयेवने तिला एत्वाल केलं. संचालकाच्या खुर्चीत बसल्यावर माणूस दारातल्या मुलाला विसरतो. हा विसरला नव्हता.

पण माझं मन त्या झगझगीत रात्रीत फार वेळ रमत नाही. ते सहावीच्या उरलेल्या मुलांकडे जातं. त्यांच्यातल्या बहुतेकांना सहावीच योग्य असणार. कुणी त्या इयत्तेत मनापासून घडला असेल, कुणी परीक्षेत गळून गावी गेला असेल. त्यांच्यातल्या किती जणांना आठवी मागण्याचं सुचलंच नाही? आणि सुचलं असतं, तर दाराआड कोण बसलेलं होतं यावरच सगळं अवलंबून नव्हतं का? हे मला छळतं, कारण मुलाच्या अंगातली आग प्रत्येक वेळी इतकी उद्धट नसते, की ती संचालकाच्या टेबलापर्यंत चालत जाईल.

म्हणून मी पुन्हा पुश्किनांकडे येतो. लाडका शिष्य देश सोडून गेल्यावर त्यांना चौकश्यांना तोंड द्यावं लागलं, घरावर नजर राहिली. तरी त्यांचा वर्ग चालूच होता. 1964 मध्ये रीगाहून एक सोळा वर्षांचा मुलगा रोसी रस्त्यावर आला. हाही उशिरा आला होता आणि उंचीने कमी होता, राजपुत्राच्या भूमिका देताना लोक दोनदा विचार करतील इतका. त्याचं नाव मिखाइल बारिश्निकोव. पुश्किननी त्याच्या पोटऱ्या हाताने दाबून पाहिल्या आणि त्याला उडी मारायला सांगितली.

मुलाने उडी मारली. पुश्किन पाहत राहिले.