नेमून दिलेला विषय

लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात काय, वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, हरिनाम सप्ताह बसला की रोज रात्री कीर्तनकार सेवेला एक अभंग घेतो. अभंग तो निवडतो खरा, पण एकदा घेतला की सुटका नसते. दृष्टांत, ओव्या, प्रमाणं देत कुठेही फिरून आला तरी परतायचं त्याच चरणांकडे. काल्याच्या कीर्तनात तर विषयही ठरलेला, कृष्णाच्या बाललीलांचा. अशा ठरल्या वेळी, ठरल्या विषयावर निघालेल्या शब्दांत खरा भाव असतो का, हा प्रश्न रास्त आहे. भक्ती तिथी बघून येत नाही, असं म्हणणाऱ्याला उडवून लावता येणार नाही. तरीही मला वाटतं की नेमून दिलेला विषयच माणसाला त्याच्या आवडीच्या कुंपणाबाहेर काढतो, आणि भावाला खोली तिथेच येते.

ज्ञानेश्वरीच पाहा. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानदेवांपुढे गीतेचे सातशे श्लोक होते, आणि त्यांचा क्रमही ठरलेला होता. त्यातून सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं एकामागून एक नुसती मोजली आहेत; स्वतःहून विषय शोधणारा कवी अशा यादीकडे फिरकलाही नसता. त्या यादीतल्या ‘अहिंसा’ या एका शब्दावर ज्ञानदेव शंभराहून अधिक ओव्या थांबतात. चालताना, बोलताना, नुसतं पाहताना दुसऱ्या जिवाला धक्का लागू नये म्हणून माणूस किती जपेल, हे ते इतक्या हळुवारपणे सांगतात की मूळ शब्द त्यापुढे बीजाएवढा वाटतो. ओव्यांमधली माया ज्ञानदेवांचीच, पण तिला वाट करून दिली ती त्या जागी आलेल्या शब्दाने.

दुसरं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातलं. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगितला. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ते लिहून घेतले म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहे. दुसरा अध्याय सांगायला कुणालाही आवडेल. पण सतराव्यात आहार, यज्ञ, दान यांचे प्रकार येतात, आणि त्यांचाही रविवार येतोच. तिथे विनोबांना रोजच्या जगण्याचा कार्यक्रम सापडला. आवडीने निवडत बसले असते तर तो अध्याय कदाचित राहूनच गेला असता.

यावर कुणी म्हणेल, नेमाने बोलणारे किती तरी जण तेच किस्से, तेच हशे गावोगाव फिरवतात. खरं आहे, आणि ते ऐकताना वाईटही वाटतं. पण तिथे अभंग नावापुरताच असतो. बोलणं आधीच तयार असतं आणि चरण त्यावर चिकटवलेलं. म्हणजे नेम पाळलाच गेलेला नसतो. कोरड्या कर्मकांडावर संतांनी कठोर शब्दांत टीका केली, पण वारी, एकादशी, नित्यपाठ त्यांनी सोडले नाहीत, यालाही काही अर्थ आहे.

सगळ्यात जड आक्षेप तुकोबांच्या नावाने येतो. त्यांचे अभंग कुणी मागितले होते? ते तर आतल्या तळमळीतून आले. तळमळ होतीच. पण आपल्या कवित्वाचा उगम तुकोबा स्वतः सांगतात तो असा की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले, कवित्व करायला सांगितलं, आणि शतकोटी अभंगांच्या संकल्पातले उरलेले पुरे करायचं काम सोपवलं. ज्याच्या उत्कटतेबद्दल कुणाला शंका नाही, त्या कवीला आपली प्रेरणा सोपवलेल्या कामाच्या रूपात आठवते, आणि तेही संख्येसकट.