हनन्याला जे ठाऊक नव्हतं

येशूचा अनुयायी असलेल्या स्तेफनावर धोंडे पडत होते तेव्हा साक्षीदारांनी आपली वस्त्रं शौलाच्या पायाशी ठेवली होती. शौलाने सगळं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मरणारा माणूस मारणाऱ्यांसाठी क्षमा मागत होता, तेही त्याच्यासमोरच. गमलियेलापाशी शास्त्र शिकलेल्या या तरुणाला त्यात वावगं काही दिसलं नाही. झालं ते बरंच झालं, असं त्याला वाटलं.

पुढे महायाजकाची पत्रं घेऊन तो दिमिष्काला निघाला. येशूच्या मार्गाचे स्त्री-पुरुष जे सापडतील त्यांना बांधून यरुशलेमेला आणायचे होते. भर दुपारी वाटेत प्रकाश चमकला, तो खाली पडला आणि ज्याच्या अनुयायांचा तो छळ करत होता त्या येशूनेच त्याला नावाने हाक मारली. उठून डोळे उघडले तर काहीच दिसेना. इतरांना बांधून न्यायला आलेल्या माणसाला सोबत्यांनी हाताला धरून शहरात नेलं. तीन दिवस त्याने अन्नपाणी घेतलं नाही.

या आंधळेपणाला शिक्षा म्हणायला माझं मन तयार होत नाही. दृष्टी नसणं म्हणजे पापाचं फळ, असं अजूनही कुणी सहज बोलून जातं तेव्हा फार वाईट वाटतं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हेच विचारलं होतं आणि पाप ना त्याचं, ना आईबापांचं, असं येशूने स्वच्छ सांगितलं होतं. शौलाची नजर गेली आणि त्याला थांबावं लागलं, एवढं मात्र खरं. आपलं सगळं बरोबरच आहे या खात्रीने धावणारा माणूस एरवी थांबला नसता.

पण मला जास्त विचार करायला लावतो तो हनन्या. तो दिमिष्कातला विश्वासू शिष्य. शौलाकडे जा, असं प्रभूने सांगितल्यावर तो कचरला आणि त्याची भीती खोटी नव्हती. शौलाने यरुशलेमेत काय केलं, इथे तो कुणाच्या अधिकाराने आला, सगळं त्याच्या कानावर आलं होतं. ती माहिती अगदी खरी होती, फक्त जुनी झाली होती. तो माणूस आता प्रार्थना करत बसला आहे, हे हनन्याला प्रभूकडूनच कळावं लागलं.

हनन्या नीट नावाच्या रस्त्यावरच्या यहूदाच्या घरी गेला. त्याने शौलावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हटलं. डोळ्यांवरून खपल्यांसारखं काही गळून पडलं ते त्यानंतर, बाप्तिस्माही नंतरच. आपल्या मंडळ्यांत नव्याने आलेल्याला ‘भाऊ’ हा शब्द ऐकायला कधी कधी वर्षं लागतात. तोवर त्याचा भूतकाळ सगळ्यांना पाठ असतो.

बऱ्याच वर्षांनी यरुशलेमेत जमाव जिवावर उठला असताना शौलाने, म्हणजेच पौलाने, गढीच्या पायऱ्यांवरून आपली हकिगत सांगितली. हनन्याचं नाव त्याने तिथेही घेतलं.