दोन तसबिरी

आई गेली त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. भिंतीवर बाबांची तसबीर आहे. शेजारची खुंटी अजून रिकामीच. फोटो काढून घेण्याची हौस आमच्या घरात कुणालाच नव्हती, आईला तर मुळीच नाही. धड असा एकच फोटो सापडला. बाबा गेल्यावर, २०१३ साली, निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी काढलेला. त्यात तिचे कपाळ अर्थातच मोकळे.

माझा भाचा फोटोंचेच काम करतो. त्याने तो संगणकावर घेतला, डाग पुसले आणि ताईच्या सांगण्यावरून एका प्रतीत कपाळावर कुंकू लावले. मग मला हाक मारून म्हणाला, “मामा, दोन्ही बघा आणि कुठला ते सांगा.” मला वाटले, दोन्ही शेजारी शेजारी मांडील. पण शेजारी ठेवले म्हणजे नजर इकडून तिकडे जाताना वाटेत निम्मे विसरते, असे त्याचे म्हणणे. फोटोशॉपमध्ये दोन्ही चित्रे उघडायची, सारखीच मोठी करून एकाच जागी आणायची, आणि कंट्रोलची कळ धरून टॅब दाबायची. एक जाते, त्याच जागी दुसरे येते. पुन्हा दाबा, पहिले परत. बाकी काही हलत नाही. फरक असेल तेवढाच लुकलुकतो.

युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत, क्लाइड टॉम्बॉ ह्या तरुणाने प्लूटो शोधला तो असाच. १९३० च्या जानेवारीत, २३ आणि २९ तारखेला, आकाशाच्या त्याच तुकड्याची काचेवर घेतलेली दोन छायाचित्रे यंत्रात घालून तो आळीपाळीने पाहत होता. १८ फेब्रुवारीला एक ठिपका उडी मारताना दिसला. (तोवर हा शेतकऱ्याचा मुलगा कॉलेजची पायरी चढलेला नव्हता, हे वाचून माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्या मास्तराला फार बरे वाटले.) पुढे २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवले, ते निराळे. मी विचार करतो तो इतर ताऱ्यांचा. त्या काचांवर ते हजारोंनी होते. पण जागच्या जागी राहिले, म्हणून त्यांच्याकडे बघण्याचे कारणच उरले नाही.

मी कळ दाबू लागलो. कुंकू उमटले. पुसले. उमटले. पुसले. चार-पाच वेळा झाले आणि माझे बोट थबकले. बाबा गेले तेव्हा ओसरीवर बायकांनी आईचे कपाळ पुसले, त्या वेळी मी दारातच उभा होतो. तिशी ओलांडलेला, मुलांना शहाणपण शिकवणारा, दोन कादंबऱ्या नावावर असलेला मनुष्य. एक शब्द बोललो नाही. आणि आता तेच मी एका बोटाने पुन्हा पुन्हा करीत होतो.

भाच्याने आणखी एक गंमत सांगितली. दोन चित्रांच्या मध्ये निमिषभर कोरा पडदा आला, तर मोठा फरकही डोळ्याला चटकन सापडत नाही. रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे प्रयोगाने दाखवले. ऐकून मी गप्प झालो. आमच्या घरात तो कोरा पडदा रोजच्या दिवसांचा होता. दूध, भाजी, शाळा, परीक्षा. महिन्याभरात, आईचे कपाळ जणू पहिल्यापासूनच तसे होते, अशा रीतीने आम्ही वागू लागलो.

पुढे २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की, नवरा गेला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने ती ऐकली आणि तांदूळ निवडीत राहिली. ‘तू लावशील का?’ हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मग तिच्या माघारी तिच्या फोटोला कुंकू लावण्याचा अधिकार आम्हाला कुठून आला? ताई म्हणते, “तिला आवडायचं, म्हणून.” खरे आहे. पण मोकळ्या कपाळाचा फोटोही खराच आहे. त्यात आमचे गप्प बसणे आहे. कुंकवाचा फोटो अधिक सुंदर दिसतो, यात शंका नाही. तो टांगला की येणाऱ्या-जाणाऱ्याला बरे वाटेल, आणि आमच्यावरचा ठपकाही जाईल. तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? पण ही तिची हौस की आमची सुटका, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

भाद्रपदात मावशी राहायला आली. तिला भाच्याच्या शेजारी बसवून दोन्ही फोटो आळीपाळीने दाखवले आणि कौल मागितला. ती बराच वेळ पाहत राहिली. कुंकवाबद्दल चकार शब्द काढला नाही.

“अरे,” ती म्हणाली, “अक्काचा चष्मा कुठाय?”

काचांवर उजेड चमकतो म्हणून फोटोवाल्याने त्या दिवशी चष्मा काढायला लावला होता. दोन्ही फोटोंत तो नव्हता. म्हणून तो लुकलुकला नाही, आणि आम्हा तिघांच्या ध्यानातही आला नाही. चाळीस वर्षे तिच्या नाकावर असलेला, एका काडीला काळा दोरा बांधलेला चष्मा.

ताई उठली आणि आईची ट्रंक उघडून शोधू लागली.