जोडीदाराच्या जिभेची बिअर

एका जोडीदाराला बिअर प्रिय असते आणि दुसऱ्याला तिचा कडूपणा सोसत नाही, अशा वेळी पहिल्याने दुसऱ्यासाठी रुचेल अशी बिअर शोधत राहावे की त्याची नावड अंतिम मानावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. परंतु दुसऱ्याचा अनुभव कितपत जाणता येतो आणि तो बदलू पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हे दोन्ही जुने पेच त्यात गुंतलेले आहेत.

पूर्वपक्ष : ‘बिअर आवडत नाही’ हे विधान बहुधा एकाच प्रकारावरून केलेले असते. महाराष्ट्रात पहिला घोट सहसा लागरचा, म्हणजे थंड तापमानात सावकाश आंबवलेल्या फिकट सोनेरी बिअरचा असतो, आणि तीही पुष्कळदा पाच टक्क्यांहून अधिक मद्यार्काची ‘स्ट्राँग’. कडूपणा येतो तो मुख्यतः हॉप्स या वेलीच्या फुलांतून. त्यांतील आल्फा आम्ले उकळताना रूप बदलून कडू होतात, आणि हा कडूपणा ‘आयबीयू’ या एककात मोजला जातो, ज्यात एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. अनेक ‘इंडिया पेल एल’ प्रकारच्या बिअरमध्ये हा आकडा 50 च्या पुढे जातो, तर बव्हेरियातील गव्हाच्या बिअरमध्ये तो 10 ते 15 च्या आसपास राहतो आणि तिचे यीस्ट केळ्याचा व लवंगेचा गंध निर्माण करते. आकडा पाहून निवड केली की पेच सुटतो.

उत्तरपक्ष : आकडा पेल्यातील द्रव्य मोजतो, जिभेवरचा अनुभव मोजत नाही. 1931 मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची भुकटी हवेत उडाली, तेव्हा सहकाऱ्याचे तोंड कडू झाले आणि खुद्द फॉक्सला काहीच चव लागली नाही; हा भेद बहुतांशी आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले. कडू चव ओळखणारे ग्राहक, म्हणजे जिभेवरील पेशींतील विशिष्ट प्रथिने, माणसात सुमारे 25 प्रकारचे असतात आणि निरनिराळ्या कडू द्रव्यांना निरनिराळे ग्राहक प्रतिसाद देतात. म्हणून कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्या आणि कोरी कॉफी पिणाऱ्या माणसालाही हॉप्सचा कडूपणा असह्य होऊ शकतो, आणि त्याला विसंगत ठरवणे अन्यायाचे आहे.

पूर्वपक्ष : तरीही रुची घडते. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1757 च्या रुचीविषयक निबंधात सराव आणि तुलना यांनी चव सूक्ष्म होते असे प्रतिपादले. त्याने सांगितलेल्या, ‘डॉन क्विक्झोट’ कादंबरीतील सांचो पांझाच्या दोन नातलगांपैकी एकाला वाइनमध्ये कातड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले, पण पिंप रिकामे झाल्यावर तळाशी कातडी वादी बांधलेली किल्ली निघाली. चवीला सत्यता असते, आणि म्हणून तिला शिक्षणही देता येते.

उत्तरपक्ष : त्या कथेत बरोबर ठरले ते तक्रार करणारे, हसणारे नव्हेत. जोडीदाराची तक्रारही अशीच निरीक्षण म्हणून ऐकावी लागते : खुपते ते नेमके काय, घशाशी रेंगाळणारा कडूपणा, आंबवणाचा वास की फेसाची चुरचुर? त्याला कोकम आणि कैरी प्रिय असतील, तर गव्हाच्या बिअरपेक्षाही ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यातील लँबिक ही आंबट बिअर अधिक आशादायक ठरते. ती हवेतील व पिंपांतील रानटी यीस्ट आणि जीवाणूंनी आंबते. तिच्यात हॉप्स मुद्दाम जुने, कडूपणा ओसरलेले वापरतात, कारण तेथे त्यांचे काम चव देण्याचे नसून बिअर टिकवण्याचे असते. आणि आंबट चेरी तिच्यात मुरवल्या की ‘क्रीक’ तयार होते. अशी निवड तक्रारीतूनच सुचते, कोणत्याही आकड्यातून नव्हे. मात्र शिक्षणासाठी शिकणाऱ्याची इच्छा लागते. आवड निर्माण व्हावी असे फक्त बाटली पुढे करणाऱ्यालाच वाटत असेल, तर त्या सरावाला शिक्षण म्हणता येत नाही.

या वादात उत्तरपक्षाचे पारडे जड आहे, जरी एका लागरवरून साऱ्या बिअरचा निकाल लावू नये हा पूर्वपक्षाचा मुद्दा निर्विवाद मान्य करावा लागतो. शोध घ्यावा, पण जोडीदाराच्या शब्दांवरून, छोट्या पेल्यात आणि त्याने मागितल्यासच. आणि क्रीकनंतरही त्याने मान हलवून नकार दिला, तर पुढच्या वेळी त्याच्यासाठी कोकम सरबत मागवावे व बिअरचा विषय काढू नये.