वाटा आणि घाटा

वाटणी हा शब्द मराठी माणसाने फार जपून उच्चारावा. भाऊबंदकी ह्या आपल्या जुन्या खेळाची नाणेफेक ह्याच शब्दाने होते. क्रिकेट नंतर आले. पण आल्याबरोबर तेही भाऊबंदकी खेळू लागले.

मुंबईचेच बघा. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ सालचे, मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. सामने मात्र मुंबई क्रिकेट असोसिएशनचे. भांडण कशावरून? खुर्च्यांवरून! आमच्या वाट्याच्या जागा वाढवा, असे हे म्हणत. जागा आमची, असे ते म्हणत. शेवटी शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरी चूलच मांडली आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटीसुद्धा झाली. चार खुर्च्या कमी पडल्या म्हणून अख्खे स्टेडियम बांधणे, हा मानपानाचा उच्चांक असावा.

तेव्हा वाटायला होते तरी काय म्हणा! १९८३ साली विश्वचषक जिंकला, तर खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत विनामूल्य गाऊन ते उभे केले. प्रत्येकाला एक लाख मिळाला. आज आयपीएलच्या २०२३ ते २०२७ ह्या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले आहेत. म्हणजे आता भांडायला खरी मजा.

आंतरराष्ट्रीय मंडळाने २०२३ मध्ये डर्बनला जो हिशेब मंजूर केला, त्यात भारताच्या पानात साडेअडतीस टक्के पडले. दुसरा इंग्लंड, तो सात टक्क्यांच्याही आत. पैसा भारतीय टीव्हीवरून येतो, मग तो भारताने का घेऊ नये? बिनतोड. पण समोरून बॉलिंग टाकायला कोणी तरी लागतोच ना? (आपल्याकडे नेट प्रॅक्टिसलाही गर्दी होते, ते सोडा.) दोघांनी खेळायचे आणि एकाचीच कमाई धरायची, हे माझ्या कॉमर्सच्या डोक्यात बसत नाही. भागीदारीचा १९३२ चा कायदा तर सांगतो, की करारात काही ठरले नसेल तर नफा समसमान. भांडवल कोणी किती घातले, ते विचारूच नका.

अमेरिकेतही हाच तमाशा. तिथे कॉलेजांचे संघ मिळून एक परिषद करतात, टीव्हीचे पैसे एका थैलीत टाकतात आणि समान वाटून घेतात. एकत्र कुटुंबच! पण फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ह्या दोन कमावत्या भावांनी अटलांटिक परिषदेला कोर्टात खेचले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. टीव्हीच्या पैशातला ६० टक्के ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याप्रमाणे, ४० टक्के सारखा. आणि मैदानावर हाडे मोडून घेणाऱ्या पोरांना कॉलेजने स्वतः पैसे द्यायला परवानगी मिळाली, तीही २०२५ मध्येच! तोवर मुले स्कॉलरशिपवर आणि कोच कोट्यधीश.

शांती नगरात आमच्या सोसायटीत लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा. तळमजल्यावरचे काका दर वार्षिक सभेला उठतात, "मी काय लिफ्टने खाली जमिनीत जाऊ?" सेक्रेटरी उपविधी दाखवतात. चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे गेलेत, त्या काहीच बोलत नाहीत. काकांचे गणित बरोबर आहे, हे मला प्रत्येक सभेत पटते, आणि मी प्रत्येक सभेत हात वर करतो तो काकूंच्या बाजूने. का, ते सांगता येणार नाही. मजले मोजून पैसे घ्यायचे ठरले तर काकूंनी उतरायचेच नाही का?

पण मला खरी चुटपुट लागते ती कांगा लीगची. १९४८ पासून मुंबईच्या मैदानांवर भर पावसाळ्यात चाललेली ही लीग. तिकीट नाही, टीव्ही नाही, ओल्या खेळपट्टीवर चेंडू कुठे जाईल ते बोलरलाही माहीत नाही. मुंबईने भारताला दिलेले किती तरी फलंदाज ह्याच चिखलात उभे राहून शिकले. आता ह्या लीगने कमावले किती? पासबुकात शून्य. वानखेडेवर सिक्सर बसतो तेव्हा स्क्रीनवर जाहिरात झळकते सिमेंटची. तो ज्या चिखलात शिकला, त्या चिखलाचा टक्का कुठल्या रकान्यात लिहायचा, ते एखाद्या ऑडिटरने मला सांगावे.