शिडाची होडी आणि मालकीचा आनंद

जिचा पोटापाण्यासाठी काहीही उपयोग नाही, जिच्यावर दरवर्षी पैसा आणि श्रम खर्ची पडतात आणि जी मोबदल्यात केवळ आनंद देते, अशी वस्तू बाळगणे नैतिकदृष्ट्या उचित आहे काय? भुकेली माणसे आजूबाजूला असताना हा प्रश्न टाळता येत नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना मला तो सोपा वाटला होता. ती चैन आहे, एवढेच माझे उत्तर होते. पुढे एका लाकडी होडीने त्या उत्तराविषयीची माझी खात्री डळमळीत केली.

रोममध्ये उच्च शिक्षण घेत असताना, एका वर्षी ईस्टरनंतरचे काही आठवडे मी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे बदली धर्मगुरू म्हणून गेलो होतो. मी मच्छीमाराचा मुलगा आहे, असे कळताच तेथील एक निवृत्त शिक्षक मिस्सेनंतर मला म्हणाले, "फादर, मग माझी होडी तुम्ही पाहिलीच पाहिजे." दुसऱ्या दिवशी ते मला बंदरावर घेऊन गेले. हिवाळाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली त्यांची होडी जमिनीवर टेकू देऊन उभी होती. तिचा जुना वॉर्निश खरवडण्याचे काम चालू होते. त्यांनी माझ्या हातातही पॉलिश कागदाचा एक तुकडा दिला.

त्या जातीच्या होडीला फोकबोट, म्हणजे लोकांची होडी, असे नाव आहे. शिडाच्या होडीतून भटकंती करणे हा फक्त धनिकांचा छंद राहू नये, सामान्य कुटुंबालाही परवडेल अशी मजबूत होडी असावी, या हेतूने १९४१ साली स्कँडिनेव्हियातील नौकानयन संघांनी आराखड्यांची स्पर्धा घेतली. एकही आराखडा परीक्षकांना सर्वस्वी पसंत पडला नाही. तेव्हा त्यांतील उत्तम आराखड्यांचे गुण एकत्र करून टोर्ड सुंडेन यांनी अंतिम आराखडा काढला आणि १९४२ साली, भोवताली महायुद्ध पेटलेले असताना, पहिली फोकबोट गोथेनबर्गलाच पाण्यात उतरली. लांबी ७.६४ मीटर, रुंदी २.२० मीटर. तिच्या सुमारे दोन टन वजनापैकी निम्म्याहून अधिक भार तळाच्या लोखंडी कण्यात असतो; त्यामुळे वाऱ्याने कितीही कलली तरी ती पुन्हा सावरते. बाजूच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या. आतील खोलीत ताठ उभे राहता येत नाही. बसावे किंवा आडवे व्हावे, एवढीच सोय.

काही दिवसांनी होडी पाण्यात उतरवली. उतरताच फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत झिरपू लागले. शिक्षक न डगमगता ते उपसत बसले. मलाही त्याचे नवल वाटले नाही. कोरडे पडलेले लाकूड पाणी पिऊन फुगले की सांधे आपोआप घट्ट बसतात, हे मी वसईच्या किनाऱ्यावर लहानपणीच पाहिले होते. नवल वाटले ते पुढे. आम्ही शीड उभारून निघालो, दगडी बेटांमधून वाट काढत तासभर गेलो आणि माझी नजर सवयीने होडीत जाळे शोधू लागली. जाळे नव्हते. आम्ही कोठेही जात नव्हतो, काहीही आणणार नव्हतो. शिक्षकांनी सुकाणूचा दांडा माझ्या हाती दिला. वाऱ्याचा जोर आणि पाण्याचा दाब दोन्ही त्या दांड्यातून तळहाताला जाणवत होते. मला विलक्षण आनंद झाला आणि लगेचच त्या आनंदाची लाजही वाटली.

माझे वडील त्याच वेळी वसईला, थकलेल्या देहाने, घराच्या ओट्यावर बसलेले असतील, हे मला आठवले होते. आमच्या घरी होडी म्हणजे भाकरी होती. आनंदासाठी होडी बाळगावी, ही कल्पनाच आमच्या वाड्यात कोणाला सुचली नसती.

परतताना मी माझी शंका शिक्षकांपुढे ठेवली. या होडीवर जो खर्च होतो, त्यात एखाद्या गरीब मुलाचे वर्षभराचे शिक्षण झाले नसते काय? ते रागावले नाहीत. "तो हिशेब मी दर वसंतात करतो," ते म्हणाले, "आणि दर वेळी तो सुटतोच असे नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "मी हिचा पाचवा मालक आहे. यातल्या कितीतरी फळ्या माझ्या आधीच्या मालकांनी बदलल्या, काही मी बदलल्या. सहावा कोण असेल ते ठाऊक नाही. पण आज मी जे खरवडतो आहे, ते त्याच्यासाठीही आहे."

संत ऑगस्टीन यांनी वस्तूंचा उपयोग करणे आणि वस्तूंमध्ये रममाण होणे असा भेद केला आहे. ज्यात रममाण व्हावे असा एक परमेश्वरच. बाकी सारे त्याच्याकडे जाण्याचे साधन. संत थॉमस अक्वायनस यांनी मालकीविषयी आणखी एक भेद दाखवला. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे, यासाठी ती एकाच्या मालकीची असणे योग्य. पण तिचा वापर करताना मात्र ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला देण्यास माणूस तयार असावा. ईशोपनिषदाचा पहिला मंत्रही त्यागपूर्वक भोगण्याचाच उपदेश करतो. हे सारे मी परीक्षेत लिहिले होते. त्याचा व्यवहारातील अर्थ मला त्या शिक्षकांच्या, वॉर्निशने चिकट झालेल्या हातांकडे पाहताना थोडा उमगला. लाकडी होडीचा मालक हा वस्तुतः तिचा सेवक असतो. एक वर्ष दुर्लक्ष केले की लाकूड कुजू लागते. तिच्यावर कागदोपत्री हक्क सांगता येतो, पण रोजच्या श्रमांवाचून तो टिकत नाही.

अशी होडी हातची जाते तेव्हा काय उरते? ब्लॉंडी हॅस्लर यांची 'जेस्टर' ही फोकबोटीच्याच आराखड्यावरून घडवलेली छोटी होडी. १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या पहिल्या शर्यतीत तिचा दुसरा क्रमांक आला. पुढे ती मायकेल रिची यांनी घेतली आणि सुमारे दोन तपे तिच्यासह सागर पालथा घातला. १९८८ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांना एका मालवाहू जहाजाने वाचवले. 'जेस्टर' मात्र समुद्राने गिळली. परंतु ती हळहळ एकट्या मालकाची राहिली नाही. तिच्यावर जीव असणाऱ्यांनी तशीच दुसरी होडी बांधवली आणि १९९२ साली ती पाण्यात उतरली. ज्या आनंदाच्या दारांना कुलूप नसते, त्याचे वारसही अनेक असतात.

म्हणून प्रत्येक छंद निर्दोष ठरतो, असे मला म्हणायचे नाही. नोकरांकरवी राखलेली आणि वर्षातून दोनदा पाहुण्यांना दाखवण्यापुरती वापरलेली आलिशान नौका आणि ही होडी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. वस्तू गरजेपेक्षा मोठी आहे काय? तिच्यासाठी आपले स्वतःचे हात झिजतात काय? तिचे सुकाणू दुसऱ्याच्या हाती देताना आपल्याला आनंद होतो काय? आणि ती गेली तर आपण माणूस म्हणून शिल्लक राहतो काय? हे प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावेत. गरीब मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न त्यांनंतरही उरतो. तो उरावाच, तो बोचेनासा झाला की मालकी धोक्याची झाली असे समजावे.

सुट्टीत घरी आलो तेव्हा वडिलांना मी त्या होडीविषयी सांगितले. मी सेमिनरीत असतानाच डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे त्यांनी आपली होडी शेजाऱ्याला विकली होती. त्यांनी फळ्यांविषयी, शिडाविषयी बारकाईने विचारले. मासे मिळतात का, हे मात्र विचारले नाही. संध्याकाळी ते काठी घेऊन किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो. पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेल्या त्या होडीजवळ ते थांबले आणि अंधुक नजरेने, सावकाश, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तिच्या अंगावरून हात फिरवत गेले. एका ठिकाणी त्यांचा हात थबकला. "इथे तेल कमी पडले आहे. त्याला सांगायला हवे," ते म्हणाले. मग म्हणाले, "चांगली होडी आहे."

होडी दुसऱ्याची होती. आनंद त्यांचा होता. वडिलांनी आयुष्यभर भाकरीसाठीच होडी हाकली, असे मी इतकी वर्षे समजत होतो. त्यांना हे कधी विचारावे, असे मला सुचले नव्हते.