रित्या हाताची विद्या

उत्तर केरळात तलश्शेरीच्या समुद्रकिनाऱ्यावर एका पावसाळ्यात काही दिवस राहिलो होतो. हेतू चिंतनाचा होता. समुद्र, एकांत आणि पुस्तके एवढे लाभले की विचार आपोआप घडतो, अशी आम्हा ग्रंथजीवी मंडळींची समजूत असते. ती जवळच्याच एका कळरीत ढळली.

कळरी म्हणजे जमिनीत खोल खणलेली तालीम. परंपरेने ४२ फूट लांब व २१ फूट रुंद. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात सात पायऱ्यांची 'पूत्तरा' असते. तिला वंदन करूनच अभ्यासाला आरंभ होतो. शिक्षणाचा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रथम शरीर वळवायचे, मग लाकडी शस्त्रे, मग धातूची आणि सर्वांत शेवटी 'वेरुंकै', म्हणजे रिता हात. आपल्या लेखी निःशस्त्रता ही आरंभीची असहाय अवस्था. येथे ती शस्त्रांच्या पलीकडची आहे. सुश्रुतसंहितेने शरीरातील १०७ मर्मे वैद्याच्या दृष्टीने सांगितली. कळरीचे गुरुक्कळ मर्मे जाणतात ती आघातासाठी आणि उपचारासाठीही.

मग संयम कशाला म्हणावे? वर्षानुवर्षे घाव अंगापाशी थांबविण्याचा सराव केलेल्याच्या थांबण्याला नैतिक अर्थ आहे, कारण न थांबणेही त्याला शक्य असते. परंतु यावरून सामर्थ्यवंतालाच अहिंसेचा अधिकार आहे असे ठरविले, तर दुर्बळांवर अन्याय होईल. याच मलबार भागात १९३० साली के. केळप्पन यांच्या नेतृत्वाखाली मिठाच्या सत्याग्रहींची पदयात्रा कोळिकोडहून पय्यन्नूरला गेली. त्यांचे बळ शस्त्रविद्येचे नव्हते. परंतु मागे फिरण्याची वाट त्यांना मोकळी होती आणि ती त्यांनी नाकारली. तेव्हा संयमाची कसोटी प्रहार करण्याची शक्ती ही नव्हे. सोपी वाट हाताशी असताना ती सोडण्यासाठी मोजलेले मोल, ही होय.

या कसोटीवर मला स्वतःलाही पाहावे लागले. चाळीस वर्षांच्या समीक्षालेखनात, बोलणे आवश्यक असताना, कितीदा तरी मी गप्प राहिलो आणि त्या मौनाला समतोल म्हणत आलो. वस्तुतः बोलणे अवघड होते आणि मौन सोपे. त्या मौनासाठी मी काहीही मोजले नव्हते. माझाही हात रिताच होता, पण तो कळरीतल्या शेवटच्या धड्याचा नव्हे. पहिला धडाच मी गिरवला नव्हता.